भालेराववहिनींची चार पावलं

भालेराववहिनींनी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा चेंडूला लाथ घातली तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. चेंडू सरळ वर गेला आणि पहिल्या मजल्यावर चोप्राजींनी बाल्कनीत वाळत घातलेल्या मेथीत जाऊन पडला. चोप्राजी म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गेटजवळची 'यहाँ बॉल खेलना सख्त मना है' ही पाटी त्यांनीच लावलेली. त्यांनी रेलिंगवरून वाकून विचारलं, "भालेराव मैडम, बच्चे किधर भागे?"

"बच्चे नहीं थे भाईसाब. मैंने मारा."

चोप्राजींनी चेंडूकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, वहिनींच्या अंगावरच्या भालेरावांच्या जुन्या ट्रॅकसूटकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता चेंडू खाली टाकला. बोलायला त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. पुढची दीड वर्षं, खाली चेंडू आपटल्याचा आवाज झाला की वरून "भालेराव मैडम, कितनी बार बोला है!" ही आरोळी ठरलेली. ती ऐकली की आमची ही गॅसवर संध्याकाळचा चहा ठेवायची.

भालेराव आणि मी फरीदाबादला एकाच सरकारी खात्यात. ते मला बरेच सीनियर, आणि राहायला आमच्याच जिन्यात, एक मजला वर. मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती. दिल्लीकडे पंचवीस वर्षं काढूनही वहिनींनी नगर सोडलं नव्हतं. भाजीवाल्याशी हिंदी बोलताना "भैया, ये गवार निबर है" म्हणायच्या, आणि त्या भय्याला 'निबर' कळायला लागलं होतं. त्या जवळच्याच एका शाळेत लायब्ररियन होत्या. बोलणं हळू, चालणं हळू, आणि कुठेही गेल्या तरी बसायच्या त्या कडेच्या खुर्चीवर.

त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूची एक राखीव जोडी असे. राखीव छत्री, राखीव चष्मा, दाराची राखीव किल्ली आमच्याकडे. पाहुणा येवो न येवो, कणीक मळताना दोन पोळ्यांचा राखीव गोळा बाजूला काढलेला. मी चेष्टा केली की म्हणायच्या, "असू द्यावं भाऊजी. राखीव माणसालाच राखीव वस्तूची कदर."

मला बरेच दिवस ही नुसती बोलायची लकब वाटली. खरी गोष्ट कळली ती एका थंडीत, गच्चीवर उन्हाला बसून आम्ही सगळे मटार सोलत होतो तेव्हा. सोलत होते बाकीचे, मी खात होतो. वहिनी शाळेत असताना खो-खोच्या संघात होत्या. संघ बारा जणींचा, मैदानात नऊ, बाहेर तीन राखीव. वहिनी बाराव्या. दोन वर्षं संघात राहून एका सामन्यात एक मिनिटसुद्धा मैदानात उतरायला मिळालं नाही. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात त्यांच्याकडे काम होतं ते बाकीच्या मुलींच्या बांगड्या, कानातली आणि पिना सांभाळायचं.

"आम्ही हरलो. सगळ्या पोरी रडल्या," वहिनी म्हणाल्या. "मला रडतासुद्धा येईना. दोन्ही हात भरलेले, डोळे पुसणार कशानं?"

"सरांना विचारायचं ना, मला उतरवा म्हणून!"

"खो-खोत विचारत नाहीत भाऊजी. पाठीवर थाप पडून खो ऐकू येईपर्यंत उठायचंच नाही. त्याआधी उठलं की फाउल."

एवढं बोलून त्या पुन्हा मटाराकडे वळल्या. भालेराव हसले, मीही हसलो. पण मग माझ्या लक्षात यायला लागलं की ही बाई सगळीकडेच अशी बसलेली असते. शाळेत हेड लायब्ररियनची जागा दोनदा रिकामी झाली, दोनदा दुसऱ्याच कोणाला मिळाली. वहिनींनी अर्जच केला नव्हता. कोणी करा म्हणालंच नाही, म्हणाल्या.

त्यांना खो मिळाला तो त्यांच्या शाळेतल्या पीटी टीचरकडून. मोनिका दहिया, सोनीपतची, उंच आणि खणखणीत आवाजाची मुलगी. ती दर रविवारी दक्षिण दिल्लीत एका मैदानावर गेलिक फुटबॉल नावाचा काहीतरी आयर्लंडचा खेळ खेळायला जायची. एका शुक्रवारी तिनं लायब्ररीत येऊन सांगितलं, "मैम, संडे को एक प्लेयर कम पड़ रही है. आपको कुछ नहीं करना, बस खड़ी हो जाना."

आयुष्यात पहिल्यांदा वहिनींना कोणी उभं राहायला सांगितलं होतं. त्या लगेच हो म्हणाल्या आणि मग घाबरून आमच्याकडे आल्या. भालेरावांना गाडी येत नाही. मला येते. अशा रीतीनं माझा रविवार गेला.

सकाळी सहाला बदरपूरच्या फ्लायओव्हरवर, डोळ्यांत झोप आणि समोर धुकं, अशा अवस्थेत मी भालेरावांना विचारलं, "साहेब, हा खेळ असतो तरी कसा?" साहेबांनी मोबाईलवर नियम वाचून ठेवले होते. प्रत्येक गोष्टीची आधी नोट वाचायची ही त्यांची खात्यातली सवय. चेंडू व्हॉलीबॉलएवढा. हातानंही खेळायचा, पायानंही. हातात घेऊन चार पावलं चालता येतं. पाचव्याआधी तो जमिनीवर आपटायचा, नाहीतर स्वतःच्या पायावर टाकून परत हातात घ्यायचा, नाहीतर मुठीनं मारून दुसऱ्याला द्यायचा. समोर दोन उंच खांब आणि मध्ये आडवी दांडी. दांडीवरून गेला तर एक गुण, दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन.

"आणि मैदानात किती जण?" मागून वहिनींनी विचारलं.

"मूळचे पंधरा. इथे नऊ."

"नऊच?" वहिनी म्हणाल्या. मैदान येईपर्यंत त्या बोटांवर नऊ, दहा, अकरा, बारा असं मोजत होत्या.

तिथला कोच डेक्लन नावाचा आयरिश माणूस होता. लाल दाढी, उन्हानं सोललेलं नाक, आणि दिल्लीत चार वर्षं काढून शिकलेलं हिंदी म्हणजे 'चलो', 'पानी' आणि 'भैया, साइड'. त्यानं वहिनींच्या हातात चेंडू दिला आणि मुठीनं मारून पलीकडच्या मुलीला कसा द्यायचा ते दाखवलं. वहिनींनी मारला. मारताना त्यांच्या तोंडातून खणखणीत निघालं, "खो!" चेंडू बरोबर मोनिकाच्या हातात गेला. आणि वहिनी होत्या तिथेच, भर मैदानात, एक गुडघा टेकून, तोंड विरुद्ध दिशेला करून खाली बसल्या.

खो-खोत हेच करायचं असतं. खो दिला की आपण बसायचं आणि दुसरीनं पळायचं. तेहतीस वर्षांपूर्वी सरावात केलेली गोष्ट शरीर विसरलं नव्हतं. पण हे डेक्लनला कोण सांगणार? पन्नाशीची बाई चेंडू मारून खाली बसलेली त्यानं पाहिली आणि "डॉक्टर! डॉक्टर!" ओरडत तो धावला. भालेराव धावले. मीही धावलो, म्हणजे त्या दिशेनं निघालो. तोवर मोनिका पोट धरून हसत होती आणि वहिनी दोन्ही हातांनी चष्मा सावरत म्हणत होत्या, "आय ॲम ओके सर, ओन्ली सिटिंग."

त्या दिवसापासून त्या संघात खो हा शब्द रुजला. सोनीपतची मोनिका, मणिपूरच्या दोघी, केरळची एक नर्स, आयर्लंडच्या तिघी, सगळ्या जणी चेंडू देताना आणि मागताना खो ओरडायला लागल्या. प्रतिस्पर्ध्यांना वाटायचं की ही काहीतरी गुप्त खूण आहे. मराठी शब्द टिकवायचे कसे यावर दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळात झालेली भाषणं मी ऐकली आहेत. वहिनींनी एका रविवारात एक शब्द तीन राज्यांत आणि एका परदेशात पोचवला, आणि चहाही नव्हता.

मग वहिनींना वेडच लागलं. त्या चार पावलांचे हिशेब सगळीकडे सुरू झाले. जिन्यातून भाजीची पिशवी घेऊन येताना एक, दोन, तीन, चार, की पिशवी या हातातून त्या हातात. लायब्ररीत कपाटाकडे जाताना ओठ हलत असायचे. पार्किंगमध्ये सकाळ-संध्याकाळ आपटाआपटी आणि वरून चोप्राजी. पायावर चेंडू टाकून परत हातात घ्यायची ती युक्ती त्यांना पाच महिने जमली नाही. चेंडू कधी मारुतीखाली, कधी गार्डच्या खुर्चीखाली. जमली त्या दिवशी त्यांनी जिन्यातल्या सगळ्या घरांत शिरा वाटला. चोप्राजींकडेही पाठवला. त्यांनी तो खाल्ला आणि पाटी पुन्हा रंगवून घेतली.

भालेराव उघड विरोध करणाऱ्यातले नव्हते. त्यांची पद्धत वेगळी. दर रविवारी अकराला मराठी मंडळींची उपासना कोणाच्या तरी घरी असायची. आम्हीही कधीमधी जायचो, विशेषतः नंतर जेवण असलं तर. वहिनी मैदानावरून थेट तिथे यायच्या, साडी नेसून, पण चेहरा लालभडक. एका रविवारी प्रार्थना करायची पाळी भालेरावांची होती. त्यांनी डोळे मिटले, आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवासातल्यांसाठी मागितलं, आणि त्याच गंभीर आवाजात पुढे म्हणाले, "आणि हे प्रभू, सरोजच्या उजव्या गुडघ्याला सांभाळ, आणि तिला योग्य वेळी थांबायची सुबुद्धी दे."

सगळ्यांनी आमेन म्हणायच्या आत वहिनींनी डोळे न उघडता जोडलं, "गुडघ्याचं तेवढं बघ प्रभू. पुढचं राहू दे."

मी हिंदू माणूस, मला तिथे हसायचा अधिकार आहे की नाही हे कळेना, म्हणून मी जोरात आमेन म्हणालो.

हे सगळं गमतीचं होतं, पण एक गोष्ट गमतीची नव्हती. दीड वर्ष झालं तरी वहिनी खऱ्या सामन्यात एकदाही उतरल्या नव्हत्या. सरावाला पहिल्या, गैरहजेरी शून्य. पण दुसऱ्या संघाशी सामना असला की डेक्लन नऊ नावं वाचायचा, त्यात त्या नसायच्या. त्याचंही चूक म्हणता येत नव्हतं. बाकीच्या मुली पंचवीस-तिशीच्या. वहिनी कडेला बाकावर बसायच्या आणि मुली येऊन त्यांच्याकडे आपापलं सामान द्यायच्या. मोबाईल, किल्ल्या, कानातली, केसांच्या पिना. यासाठीच वहिनींनी एक मोठी तपकिरी पर्स घेतली होती. मी बाजूला बसून ते बघायचो आणि मला गच्चीवरचे मटार आठवायचे. एकदा न राहवून म्हणालो, "वहिनी, डेक्लनला सांगा की सरळ."

"देईल ना खो. द्यायचा तेव्हा देईल."

"आणि नाही दिला तर?"

त्यांनी पर्सची चेन लावली.

भालेराव फेब्रुवारीअखेर रिटायर होणार होते. नगरला सावेडीत त्यांनी घर बांधून ठेवलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सामानाचा ट्रक. नगरला गेलिक फुटबॉल कुठून असणार? आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी दिल्लीत स्पर्धा होती, बाहेरगावचे संघ येणार होते. म्हणजे काय ते त्या एका दिवसात. वहिनी हे बोलल्या नाहीत, पण त्या आठवड्यात त्यांनी जिन्यात पिशवी बदलायचं बंद केलं होतं. नुसत्या चालत होत्या, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या रविवारी हवा छान होती. भालेराव, मी आणि आमची ही, तिघं डबे घेऊन गेलो. संघाचे तीन सामने होते. पहिल्यात वहिनी बाकावर. जिंकलो. दुसऱ्यातही बाकावर. बरोबरी. तिसरा सामना बंगलोरच्या संघाशी. शेवटची सात-आठ मिनिटं राहिली तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे होतो आणि मणिपूरच्या एका मुलीचा पाय मुरगळला. तिला दोघींनी धरून बाहेर आणलं. बाकावर वहिनी आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी, जिला सरावाला येऊन महिना झाला होता. डेक्लननं बाकाकडे पाहिलं. त्याची नजर वहिनींवरून पुढे त्या मुलीकडे गेली.

मी खोटं बोलणार नाही, मला त्या क्षणी त्या लाल दाढीचा भयंकर राग आला. भालेराव माझ्या शेजारी होते. ज्या माणसानं दीड वर्ष हे थांबावं म्हणून देवाला साकडं घातलं होतं, तो हळूच म्हणाला, "ऊठ ना गं सरोज."

ते वहिनींना ऐकू जाणं शक्य नव्हतं. मलाच ते जेमतेम ऐकू आलं होतं. पण वहिनी उठल्या. कोणी पाठीवर थाप मारली नव्हती, कोणी खो म्हटलं नव्हतं. त्या सरळ डेक्लनसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आय विल गो." डेक्लन काहीतरी म्हणायला लागला. वहिनींनी तेच पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्यानं, आणि सगळं मैदान वळून बघायला लागलं. डेक्लननं दाढीवरून हात फिरवला आणि बाजूला झाला. "चलो," तो म्हणाला.

वहिनी उलट दिशेनं, म्हणजे आमच्याकडे, धावत आल्या. पर्स माझ्या मांडीवर टाकली. गळ्यातली काळी पोत काढून पर्समध्ये टाकली, हातातल्या बांगड्या टाकल्या. "भाऊजी, सांभाळा," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या सात मिनिटांत त्यांच्याकडे चेंडू तीनदा आला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा त्यांनी इतका गच्च धरला की पाच पावलं झाली आणि पंचांनी शिट्टी मारली. इकडे माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये अकरा मोबाईल एकामागोमाग वाजत होते, आणि त्यातल्या एकावर कोणाची तरी आई पंजाबीत चिडली होती, कारण मी चुकून उचलला होता.

तिसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा वहिनी खांबांच्या समोर, थोड्या डावीकडे होत्या. त्यांच्या अंगावर दोघी जणी धावून आल्या. उजवीकडून मोकळी मोनिका ओरडली, "मैम, खो! खो!" वहिनींनी मान वळवली. मूठ वर गेली. दीड वर्षात खो ऐकून त्यांनी चेंडू दिला नाही असं झालं नव्हतं. मी भालेरावांचा हात धरला. वहिनींची मूठ खाली आली. एक पाऊल, दोन, तीन, चार. चेंडू पायावर पडला, पण परत हातात घेण्यासाठी नाही. तो उडाला, खांबाच्या आतल्या बाजूला आपटला, दांडीवर एक टप्पा खाल्ला आणि पलीकडे पडला.

एक गुण. आम्ही दोन गुणांनी हरलो.

पण ते नंतर कळलं. चेंडू पलीकडे पडला आणि वहिनी होत्या तिथेच, एक गुडघा टेकून, खाली बसल्या. डेक्लन पुन्हा धावला, सवयीनं. मुली धावल्या. भालेराव तर चप्पल मागे सोडून गेले. मी पर्स छातीशी धरून सगळ्यात शेवटी पोचलो. वहिनी हमसून हमसून रडत होत्या आणि मधूनच हसत होत्या.

"गुडघा?" भालेरावांनी विचारलं.

"गुडघ्याला काय धाड भरलीय?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही रिकामे हात माझ्यासमोर धरले. "बघा भाऊजी. आज डोळे पुसता येतायत."

माझ्याकडे पर्स होती, मला पुसता येत नव्हते.

मार्चमध्ये ट्रक आदल्या दिवशी गेला. हे दोघं सकाळच्या टॅक्सीनं स्टेशनला निघाले. जिन्यातली सगळी मंडळी गेटवर जमली होती. चोप्राजी आले नव्हते. त्यांचा रक्तदाब वाढला होता असं त्यांच्या मिसेसनी सांगितलं. आमच्या हिनं आणि वहिनींनी एकमेकींना राखीव डबे दिले. अशा वेळी मला विनोद सुचतो आणि तो करायचं धैर्य होत नाही. टॅक्सी सुरू झाली, दोन हात पुढे गेली आणि थांबली. मागची काच खाली आली. मी जवळ गेलो तर आतून मुठीनं मारलेला चेंडू माझ्या छातीवर आला.

"खो!" वहिनी म्हणाल्या.

टॅक्सी गेली. वळणावर भालेरावांनी काचेतून हात दाखवला. वहिनींनी दाखवला नाही. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, खो दिल्यावर बघायचं नसतं.

लोक पांगले. मी पाटीजवळ एकटाच उभा होतो, पोट सुटलेला, पन्नाशीला टेकलेला, ऑफिसला उशीर झालेला माणूस, हातात चेंडू घेऊन. गार्डनं दुसरीकडे बघितलं. मी एक पाऊल टाकलं. दुसरं, तिसरं, चौथं. मग चेंडू जमिनीवर आपटला.

वरून बाल्कनीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"भालेराव मैडम, कितनी बार बोला है!"